आश्रय आणि स्वाश्रय : वाद्यवृंदातील वादकाचा प्रश्न

वीणावादकाला मैफलीसाठी एखादा साथीदार पुरतो. वाद्यवृंदातील व्हायोलिनवादकाला मात्र पन्नास-साठ सहकारी, लिहिलेली स्वरलिपी, तालमीची जागा आणि या साऱ्याचा खर्च सोसणारा कोणीतरी लागतो. त्याची कला एकट्याने सिद्ध होत नाही. म्हणूनच वाद्यवृंदाचा इतिहास हा पुष्कळ अंशी आश्रयाचा इतिहास ठरतो.

म्हैसूर हे या आश्रयाचे ठळक उदाहरण होय. चौथे कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत राजवाड्यात कर्नाटक संगीताच्या वृंदाबरोबर पाश्चात्त्य वाद्यवृंदही नांदत होता. ऑटो श्मिट या जर्मन संगीतज्ञाकडे त्याचे संचालन होते. त्यांचे वारस जयचामराजेंद्र वडियार १९४८ मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे पहिले अध्यक्ष झाले. रिचर्ड स्ट्राउसच्या अखेरच्या चार गीतांचा लंडनमधील १९५० चा पहिला प्रयोग त्यांनी दिलेल्या आर्थिक हमीमुळे शक्य झाला. पुढे संस्थान लयाला गेले आणि राजवाड्याची वाद्यपरंपरा पोलीस बँडच्या रूपाने उरली.

ज्यांना असा राजवाडा लाभला नाही, त्यांनी काय करावे? या प्रश्नाला मुंबईत दोन लक्षणीय उत्तरे मिळाली. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. आधी वृंद उभारायचा आणि मग त्यात वाजवायचे, असा हा उलटा क्रम होता. दुसरे उत्तर अँथनी गोन्साल्विस यांचे. ते अधिक मूलगामी म्हणावे लागेल.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ मध्ये गोव्यातील माजोर्डा येथे झाला. गोव्यात चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. पण ती विद्या पोसण्याइतका व्यवसाय तेथे नव्हता. गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि नंतर चित्रपटांच्या ध्वनिमुद्रण-शाळांत आले. संगीतकाराने सुचवलेल्या चालीला वाद्यमेळाचे रूप देणे, प्रत्येक वादकाचा भाग लिहून काढणे हे काम प्रायः त्यांच्याकडे असे. श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावे क्वचितच येत. पैसा होता, काम होते. स्वतःची रचना वाजवण्याची संधी तेवढी नव्हती.

ती संधी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये स्वतः निर्माण केली. ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ हे नाव घेऊन त्यांनी चित्रसृष्टीतीलच वादक एकत्र आणले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. सारंग रागातील त्यांची व्हायोलिन-रचना आणि ‘सोनाटिना इंडियाना’ या कृतींमध्ये रागाची चौकट पाश्चात्त्य वाद्यमेळात बांधण्याचा प्रयत्न होता. पोटासाठी दिवसभर दुसऱ्यांच्या चाली सजवणाऱ्या कलावंतांनी येथे स्वतःच्या परंपरेला स्वतःच प्रश्न विचारला होता.

हा वृंद टिकला नाही. १९६५ च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेला गेले. मेहता त्याआधीच, १९५५ मध्ये, मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात दाखल झाले होते. एकट्याच्या उमेदीवर वृंद जन्माला येतो, परंतु चालण्यासाठी त्याला संस्था लागते, हा दोन्ही प्रयत्नांचा निष्कर्ष होय.

१९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटात गोन्साल्विस यांचे शिष्य प्यारेलाल यांनी एका गीतातून गुरूचे नाव घराघरांत पोचवले. नाव सर्वतोमुखी झाले. पण ते कोणा वादकाचे आहे, हे बहुतेक श्रोत्यांना ठाऊकच नव्हते. २०१२ मध्ये गोन्साल्विस निवर्तले. त्यांच्या १९५८ च्या रचनांचा सांगीतिक विचार मात्र अद्याप पुरेसा झालेला नाही.