चौथा दिवस

कुर्सियो म्हणजे कॅथलिकांचा तीन दिवसांचा श्रद्धावर्ग आणि त्याभोवती उभी राहिलेली चळवळ. तिच्या जन्माच्या दोन तारखा सांगतात. पुष्कळ पुस्तकांत ७ जानेवारी १९४९ सापडते. त्या दिवशी स्पेनच्या मायोर्का बेटावर, रांदाच्या डोंगरातल्या सान्त ओनोरात मठात तीन दिवसांचा वर्ग सुरू झाला. चळवळीचे संस्थापक एदुआर्दो बोन्निन मात्र शेवटपर्यंत ऑगस्ट १९४४ म्हणत राहिले. त्याच बेटावर काला फिगेरा गावी, समुद्राकाठच्या एका बंगल्यात त्यांनी पहिला वर्ग घेतला होता. मी बोन्निनच्या बाजूची आहे. १९४४ मध्ये ते २७ वर्षांचे होते आणि धर्मगुरू नव्हते, प्रापंचिक होते. हीच तर या चळवळीची मूळ गोष्ट.

यादवी युद्धातून स्पेन नुकता बाहेर पडला होता. कॅथलिक तरुण सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या मोठ्या यात्रेची तयारी करत होते आणि त्या यात्रेसाठी पुढारी घडवणारे वर्ग भरत होते. लष्करी सेवेत असताना बोन्निनना बराकीत चर्चशी फारसा संबंध नसलेली माणसं जवळून भेटली. त्यांच्यापर्यंत पोचायचं, या ध्यासाने त्यांनी यात्रेचा वर्ग मुळातूनच बदलला.

वसईत आमच्या लहानपणी प्रायश्चित्तकाळात रिट्रीट असायची. बाहेरगावचे फादर बोलायचे, आम्ही ऐकायचो. श्रद्धा त्यातूनच रुजली, त्याचं ऋण मी मानते. पण टेक्सासमध्ये राहायला आल्यावर मी कुर्सियो केला, तेव्हा समोर बोलायला उभी राहिली एक स्कूलबस चालवणारी बाई. नवऱ्याच्या आजारपणात ती प्रार्थना कशी करत होती, ते तिने सांगितलं. तीन दिवसांतल्या पंधरा व्याख्यानांपैकी दहा प्रापंचिकांची असतात. गुरुवारी संध्याकाळी यायचं, शुक्रवार सकाळपर्यंत मौन, मग रविवार संध्याकाळपर्यंत व्याख्यानं, मिस्सा, एकाच टेबलाभोवतीच्या बायकांशी चर्चा. बाहेर कधीही न भेटलेली माणसं आपल्यासाठी प्रार्थना आणि उपवास करत असतात. त्यांची पत्रं हातात पडली तेव्हा मला रडू आवरलं नाही.

मायोर्कात मात्र ही चळवळ सुखासुखी चालली नाही. बिशप हुआन एर्वास यांनी चळवळीला आधार दिला, पण १९५५ मध्ये त्यांची बदली झाली. नव्या बिशपांनी १९५६ मध्ये पत्रक काढून कुर्सियो थांबवले. जिथे जन्म, तिथेच बंदी! एर्वास यांनी नव्या ठिकाणाहून चळवळीच्या बाजूने लिहिलं. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, टेक्सासमधल्या वेको गावी अमेरिकेतला पहिला कुर्सियो झाला. तिथे विमानदलाच्या प्रशिक्षणासाठी आलेल्या दोन स्पॅनिश तरुणांनी एका धर्मगुरूंच्या साथीने तो घेतला. सुरुवातीची काही वर्षं तो स्पॅनिशमध्येच होई. शेतात राबणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांना बोलायला आणि पुढे व्हायला तिथे जागा मिळाली. शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ यांनीही कुर्सियो केला होता. १९६६ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात डेलानोहून सॅक्रामेंटोपर्यंत पदयात्रा काढली. ग्वादालुपेच्या मातेचं चित्र पुढे होतं आणि ईस्टरच्या दिवशी यात्रा पोचली. त्या यात्रेचं सगळं श्रेय कुर्सियोला देणं चूक ठरेल, पण त्यात गायलेलं ‘दे कोलोरेस’ हे गाणं कुर्सियोवाल्यांचंही आहे. त्याच वर्षी रोममध्ये पोप सहावे पॉल यांनी जगभरातल्या कुर्सियोवाल्यांची भेट घेतली.

रविवारी संध्याकाळी घरी परतताना वाटतं, झालं. खरं काम तिथून सुरू होतं, आणि उरलेल्या सगळ्या आयुष्याला कुर्सियोत चौथा दिवस म्हणतात. त्यासाठी चार-पाच जणींचा गट दर आठवड्याला भेटतो, आणि अनेक गट एकत्र येतात ती उल्त्रेया. जुने यात्रेकरू वाटेत एकमेकांना याच शब्दाने धीर देत.

काही ठिकाणी कुर्सियो केलेल्यांकडे धर्मग्रामाची कामं उरकणारे हात म्हणूनच बघतात. बोन्निनना हे पटत नसे आणि मलाही पटत नाही. त्यांना माणूस आपल्या कारखान्यात, शेजारात, घरात ख्रिस्ताचा मित्र म्हणून हवा होता. आमच्या गटात म्हणूनच विचारतात, या आठवड्यात ख्रिस्त सर्वांत जवळ कधी वाटला? काय वाचलंस? कोणासाठी काय केलंस? मागच्या वेळी ठरवलेलं राहून गेलं असेल, तर तेही सांगायचं आणि पुढच्या आठवड्यासाठी पुन्हा ठरवायचं.