बेस गिटार गिगमध्ये हरवते कुठे? तारेपासून कानापर्यंतचा प्रवास

बेस गिटार म्हणजे साधारणपणे चार जाड तारांची, लांब मानेची, खर्जात वाजणारी इलेक्ट्रिक गिटार. ड्रमचा ठेका आणि गाण्याचे कॉर्ड यांना जोडणारा सांधा हे वाद्य सांभाळतं. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्याआधी बँडमध्ये माणसाएवढा उंच डबल बेस असायचा. तो वाहून न्यायला त्रास व्हायचा आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गर्दीत तो बुडून जायचा. म्हणजे हे वाद्य जन्माला आलं तेच मुळी ‘खालचा सूर ऐकू येत नाही’ या तक्रारीतून. काळेवाडी-रहाटणीतल्या एखाद्या हौशी बँडच्या बेसिस्टला विचारा, तक्रार आजही तीच सापडेल: घरी मस्त वाजतं, गिगमध्ये कुणाला पत्ताच लागत नाही.

आपल्या कानांना हा आवाज नवा नाही. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे, ए. आर. रहमान यांच्या कितीतरी गाण्यांत कीथ पीटर्स यांचा बेस आहे, आणि आजच्या पिढीत मुंबईच्या मोहिनी डेचं नाव जगभर घेतलं जातं. लग्नाच्या किंवा मंडळाच्या ऑर्केस्ट्रात मात्र बऱ्याचदा कीबोर्डवाल्याचा डावा हातच बेसचं काम उरकतो. त्यामुळे खरी बेस गिटार स्टेजवर आली की तिचं काय करायचं, हे साउंडवाल्यालाही पटकन सुचत नाही. या लेखात आपण बघू, की हा आवाज वाटेत कुठे-कुठे गळतो आणि कमी खर्चात तो कसा वाचवायचा.

४१ हर्ट्झ आणि तुमचा फोन

बेसच्या मोकळ्या चार तारा ई, ए, डी आणि जी अशा लावतात. त्यांची कंपनसंख्या अनुक्रमे साधारण ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला सुरू होते, म्हणजे बेस तिच्या बरोबर एक सप्तक खाली.

आता फोनचा स्पीकर बघा, नखाएवढा. खालचा सूर काढायचा तर भरपूर हवा मागे-पुढे ढकलावी लागते आणि तेवढी जागा फोनमध्ये नसते. काहीशे हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ गप्पच असतो. मग फोनवर गाणं ऐकताना बेसची चाल ओळखू कशी येते? कारण तार फक्त ४१ वर कंपत नाही. तिच्यातून ८२, १२३, १६४ असे पटीतले हार्मोनिक्सही निघतात. वरचे हार्मोनिक्स फोनमधून बाहेर पडतात, आणि त्यांच्यातलं सारखं अंतर ओळखून मेंदू नसलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. फुकटचा सबवूफर आपल्या डोक्यातच आहे म्हणा ना!

यातून बेसिस्टने घ्यायची गोष्ट अगदी सरळ आहे. गिटारवरची टोनची नॉब पूर्ण बंद केली की हार्मोनिक्स जातात आणि उरतो फक्त खालचा घुमारा. खोलीत तो भारी वाटतो. पण रीलमध्ये, फोनवर, किंवा सबवूफर नसलेल्या हॉलमध्ये तुमचं वाजवणं अक्षरशः गायब होतं. टोन थोडी उघडी ठेवा आणि अँपवर साधारण ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपासचा मिड जरा वर घ्या. एकट्याने वाजवताना हा आवाज नाकात बोलल्यासारखा वाटेल. बँडमध्ये तोच ऐकू येतो.

दुसरा सापळा आवाजाच्या पातळीचा. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं, की आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे सूर जास्तच कमी ऐकू येतात. रात्री घरी हळू वाजवताना म्हणून आपण बेसची नॉब वाढवतो. तीच सेटिंग गिगला मोठ्या आवाजात लावली की नुसता गडगडाट. थोडक्यात, घरची सेटिंग घरीच ठेवायची.

दहा बाय दहाची खोली

समजा चौघांचा बँड आहे. दोघं भोसरी आणि चाकणच्या कंपनीत, एक हिंजवडीत, एक कॉलेजात. सरावाचा दिवस गुरुवार, कारण पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते. वीजदुरुस्तीसाठी महावितरणही गुरुवारच निवडतं आणि आयटीवाला दिवसा सुटत नाही, त्यामुळे सराव आपोआप संध्याकाळवर जातो. जागा कुठली? कुणाच्या तरी फ्लॅटमधली दहा बाय दहाची खोली.

इथे थोडं गणित करू, कारण खरी गंमत इथेच आहे. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लाट बरोब्बर बसते, तो निघतो सुमारे ५६ हर्ट्झ. आणि आपली ए तार आहे ५५ हर्ट्झची! खोली चौकोनी आणि छतही दहा फुटांच्या आसपास असेल, तर लांबी, रुंदी आणि उंची, तिन्हीकडून हाच एक सूर फुगतो. म्हणून मोकळी ए वाजवली की कपाटाची काच थरथरते आणि शेजारचा सूर मात्र मरगळलेला वाटतो. बोटांचा दोष नाही, खोलीचा आहे. त्यातही खोलीच्या मधोमध उभं राहिलं तर हा ५६चा सूर जवळजवळ नाहीसा होतो आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त येतो. मध्ये उभा असलेला बेसिस्ट आवाज वाढवत राहतो आणि कोपऱ्यातला गायक वैतागतो. भांडणं इथूनच सुरू होतात.

उपाय म्हणजे अँप कोपऱ्यातून बाहेर काढा, जमिनीवर थेट न ठेवता जाड फोमवर किंवा स्टुलावर ठेवा, आणि वाजवताना खोलीत दोन पावलं फिरून ऐका. लांबट हॉल मिळाला तर चौकोनी खोलीपेक्षा तो केव्हाही बरा. भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला यूट्यूबवर खूप मिळतो. त्याने खोलीतली वरची खणखण थोडी कमी होते. ४१ हर्ट्झच्या लाटेची लांबी ८ मीटरपेक्षा जास्त असते, तिला त्या पुठ्ठ्याचं काहीही देणंघेणं नसतं. खालचा आवाज अडवायला वजन लागतं, म्हणजे जाड विटांची भिंत, भरीव दरवाजा. फ्लॅटमधल्या आतल्या पातळ भिंतीतून बेस सहज पलीकडे जातो.

शेजाऱ्यांनी तक्रार केली की आपण फोनवरचं साउंड मीटर ॲप दाखवतो: ‘बघा काका, जास्त नाहीये.’ निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे, आणि ती ‘ए’ भारांकनाने मोजतात. हे भारांकन ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करतं. म्हणजे मीटरवर आकडा छोटा दिसतो आणि काकांच्या मांडणीवरची भांडी मात्र वाजत असतात. दोघंही खरंच बोलत असतात. रात्री सराव करायचाच असेल तर अँप बंद आणि हेडफोन चालू.

पहिला खर्च डीआय बॉक्सवर

आता गिगकडे वळू. सोसायटीचा गणेशोत्सव असो, कॉलेजचं स्नेहसंमेलन असो की चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहासारखं मोठं नाट्यगृह, बेस बहुतेक वेळा मिक्सरमधूनच प्रेक्षकांपर्यंत जातो. आणि सर्वात मोठी गळती मिक्सरच्या दारातच होते.

बेसच्या पिकअपमध्ये चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत थोडीशी वीज तयार होते. हा सिग्नल नाजूक असतो. त्याला पुढे सुमारे दहा लाख ओहमचा इनपुट लागतो, तर मिक्सरचा साधा लाइन इनपुट काही हजार ओहमचाच असतो. बारीक नळाला मोठा पंप लावल्यासारखं होतं. सिग्नल ओढला जातो, वरचे सूर मरतात, आवाज बसतो. वर स्टेजपासून मिक्सरपर्यंत पंधरा-वीस मीटरची साधी वायर टाकली की ती अँटेनासारखी खरखर गोळा करते.

डीआय बॉक्स ही दोन्ही दुखणी एकदम बरी करतो. तो सिग्नलला मजबूत करून बॅलन्स्ड वायरमध्ये पाठवतो. त्या वायरमध्ये तोच सिग्नल सुलट आणि उलट असा दोनदा जातो. वाटेत आलेली खरखर दोन्हीकडे सारखीच असते, त्यामुळे मिक्सरमध्ये वजाबाकी झाली की ती उडून जाते. तुमच्या गिटारमध्ये बॅटरी नसेल, म्हणजे ती पॅसिव्ह असेल, तर अॅक्टिव्ह डीआय घ्या. तो मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटम पॉवरवर किंवा स्वतःच्या बॅटरीवर चालतो. गिटार अॅक्टिव्ह असेल तर स्वस्तातला पॅसिव्ह डीआयही पुरतो. अॅक्टिव्ह गिटारची बॅटरी जॅक लावून ठेवला की खर्च होत राहते, म्हणून ब्रेकमध्ये वायर काढायची सवय लावा.

माझं स्पष्ट मत: पैसे मोजके असतील तर दुसरी गिटार, पेडल, चकचकीत स्ट्रॅप हे सगळं नंतर. आधी स्वतःचा डीआय बॉक्स आणि एक क्लिपवाला ट्यूनर. गिगच्या आदल्या दिवशी साउंडवाल्या दादांना फोन करून दोनच प्रश्न विचारा: डीआय आहे का, आणि सब आहे का? नुसते दोन टॉप असतील तर बेसच्या चॅनेलवर साधारण ६० हर्ट्झखालचं कापायला सांगा. तो आवाज टॉप काढू शकत नाहीत, उगाच फडफडतात आणि गायकाचाही आवाज चिरकतो.

५० हर्ट्झची घुंऽऽ

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अर्थिंगमध्ये गडबड असली की स्पीकरमधून हाच सूर घुमत राहतो. इक्वलायझरने तो कापून टाकू म्हणाल, तर ई तारेवरच्या तिसऱ्या पट्टीचा जी बरोबर ४९ हर्ट्झचा आहे. घुंऽऽ सोबत तुमचा जी पण जाईल. आधी डीआय बॉक्सवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबून बघा. अँप आणि मिक्सर एकाच ठिकाणाहून वीज घेत असतील तर प्रश्न बहुतेक उद्भवतच नाही.

काही ठिकाणी आवाज जावा म्हणून प्लगची मोठी अर्थ पिन काढून टाकतात. हे कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. गिटारच्या तारा अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. अँपचं अर्थिंग गेलं आणि आत काही बिघाड झाला, तर तुमचा हात तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीला लागताच शॉक बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. पावसाळ्यात, ओल्या मंडपात, जनरेटरवर हा धोका वाढतो. बॅकिंग गाणाऱ्या बेसिस्टने तर माइकला तोंड लावण्याआधी टेस्टरने तपासून घ्यावं आणि मंडपवाल्याच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी आहे का, हे न लाजता विचारावं.

फोन कुठे कामाचा, कुठे नाही

गाणी बसवायला फोनसारखा मित्र नाही. मराठी गाण्यांच्या बेस लाइन लिहिलेल्या फारशा मिळत नाहीत, पण आता आवाज वेगळे करणारी ॲप्स आहेत. डीझर कंपनीने २०१९ मध्ये ‘स्प्लीटर’ हे सॉफ्टवेअर खुलं केलं, त्यानंतर हे तंत्र भराभर पसरलं. ‘मॉइसेस’सारख्या ॲपमध्ये गाणं टाकलं की बेस, ड्रम, गायन वेगळं करून मिळतं. एक लक्षात ठेवा: तबल्याचा डग्गा किंवा ढोलकीचा घुमारा बेसच्या ट्रॅकमध्ये मिसळू शकतो. सूर घसरतोय असं वाटलं तर तो बहुधा डग्गाच.

ट्यूनर ॲप चालतं, पण फोनच्या माइकला ४१ हर्ट्झ नीट पकडता येत नाही. ई तारेला बाराव्या पट्टीवर बोट हलकेच टेकवून हार्मोनिक वाजवा. तो ८२ हर्ट्झचा असतो, ॲपला लगेच सापडतो. गोंगाटात मात्र क्लिपवालाच ट्यूनर, कारण तो आवाज ऐकत नाही, लाकडाचं कंपन मोजतो.

ब्लूटूथ हेडफोन लावून सराव करू नका. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. १२० बीपीएमच्या गाण्यात एका मात्रेचा पाव भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे तुम्ही कायम पाव मात्रा मागे. वायरचे हेडफोन आणि साधा ऑडिओ इंटरफेस घ्या. अँड्रॉइड ८ पासून आलेल्या ‘एऑडिओ’मुळे ही दिरंगाई बरीच कमी झाली आहे, तरी फोनागणिक फरक पडतो.

शेवटी कानांचं

अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास चालतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. ड्रमरच्या झांजेशेजारी उभा असलेला बेसिस्ट हे खातं एका गाण्या-दोन गाण्यांत बरंचसं संपवतो. दिवसभर प्रेस शॉपमध्ये काम करून संध्याकाळी सरावाला येणाऱ्याचं खातं तर आधीच रिकामं झालेलं असतं. कंपनीत मिळतात ते फोमचे प्लग इथेही चालतात, पण फोम वरचे सूर जास्त आणि खालचे कमी अडवतो. प्लग लावल्यावर बेस जास्तच घुमल्यासारखा वाटला तर अँपच्या नॉबला हात लावू नका. सेटिंग साउंडचेकमध्ये प्रेक्षकांच्या जागेवर उभं राहून, प्लग न लावता ऐकून ठरवा, आणि मग प्लग घालून स्टेजवर चढा.