डालडा आणि अर्ध्यावर परतलेला हायड्रोजन

अनसिंगला आमच्याकडे 'डालडा' ही जवळजवळ शिवीच होती. लग्नाची बुंदी डालड्यात तळली, की पंगतीत कुजबुज ठरलेली. दिसायला तूप, मुळात तेल, म्हणजे नकली! पण डालड्याचा खरा दोष नकलीपणात नव्हताच.

दहावीचं पुस्तक आठवा. तेलाच्या रेणूत कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतात. निकेल उत्प्रेरकाच्या साथीनं तिथे हायड्रोजन जोडला, की पातळ तेल घट्ट होतं. ही समावेशन अभिक्रिया. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मानने १९०२ मध्ये तेलं घट्ट करण्याचं पेटंट घेतलं. मुंबईत शिवडीला १९३२ मध्ये कारखाना निघाला, १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आला. २९ डिसेंबर १९४५ला खानदेशात अमळनेरला एम. एच. हशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स काढली. भुईमुगाचा मुलूख, तेलाला तोटा नाही. तीच आजची विप्रो. (हो, तुमच्या दादाला जिथे नोकरी हवी आहे तीच.)

विरोधही मोठा झाला, गांधीजींचासुद्धा. भीती तुपातल्या भेसळीची होती. म्हणून सरकारनं वनस्पतीत थोडं तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. संशयित तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युराल घालून हलवायचं. गुलाबी रंग आला तर वनस्पती मिसळलेलं. चोर पकडायची युक्ती झकास होती, फक्त चोर दुसराच होता.

निकेलवर दुहेरी बंधाला आधी एकच हायड्रोजन चिकटतो. दुसरा मिळाला तर काम पूर्ण. नाही मिळाला, तर शेजारचा एखादा हायड्रोजन सुटून जातो आणि दुहेरी बंध परत तयार होतो. म्हणजे समावेशनाच्या पोटातच विलोपन! पण दुहेरी बंध नसताना रेणू तिथे मोकळा फिरू शकतो. त्यामुळे मूळचा वाकडा 'सिस' रेणू परतताना बऱ्याचदा सरळ 'ट्रान्स' होतो. सरळ रेणू दाटीवाटीनं बसतात, लवकर वितळत नाहीत. सगळे बंध भरले तर मेणासारखा कडक गोळा होईल, म्हणून कारखाने मुद्दाम अर्ध्यावर थांबत. लोण्यासारखा पोत मिळे, सोबत ट्रान्स फॅटही.

१९९० मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवलं, की ट्रान्स फॅटनं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं घटतं. नॉर्मानच्या पेटंटला तेव्हा ८८ वर्षं झाली होती. महागडं तूप न परवडणाऱ्या घरांनी मधल्या काळात टोमणे खाल्ले, आणि ट्रान्स फॅटही.

भारतात जानेवारी २०२२पासून तेला-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. आता वाट वेगळी: तेलाचा एक भाग पूर्ण घट्ट करायचा, म्हणजे दुहेरी बंधच उरत नाही, आणि तो पातळ तेलात मिसळून दोघांच्या मेदाम्लांची अदलाबदल घडवायची.