साप गिळतो, पण डाव संपत नाही

सापशिडी मूळची भारतातली. जुन्या मराठी पटांवर तिचं नाव मोक्षपट. साप म्हणजे काम, क्रोध, लोभ. शिड्या म्हणजे सद्गुण. अगदी वर मोक्ष. परंपरा म्हणते, हा खेळ ज्ञानेश्वरांनी रचला. आज उपलब्ध असलेले पट त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी केलेले, त्यामुळे याला पुरावा म्हणावा असं काही नाही. मला प्रश्न वेगळाच पडतो: लोकांनी हा खेळ त्यांच्याच नावावर का केला असेल?

त्यांचं बालपण आठवून बघा. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले. आळंदीने घर वाळीत टाकलं. ‘संन्याशाची पोरं’ म्हणून तिन्ही भावांची मुंज अडली. चरित्रं सांगतात की आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, आणि तरीही मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं.

आता मोक्षपटाचे नियम बघा. कोण कुणाचा मुलगा, हे कवड्यांना कळत नाही. आणि साप गिळला तरी कुणी बाद होत नाही. खाली येतो, पुढच्या पाळीला परत खेळतो. ज्या घराला परत यायची वाटच ठेवली नव्हती, त्या घराच्या नावावर हा खेळ आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून माझं लक्ष कथेआधी नियमांकडे जातं. आजच्या व्हिडिओ गेममध्येही बालपणाचं दुखणं नियमांत उतरलेलं दिसतं. कोलंबियात वाढलेल्या व्हँडर काबालेरोचे वडील दारूच्या आहारी गेलेले. त्याच्या ‘पापो अँड यो’मध्ये (2012) एक मुलगा आणि एक राक्षस आहे. राक्षस एरवी प्रेमळ. त्याच्या मदतीशिवाय पुढे जाता येत नाही. पण बेडूक खाल्ला की तो पेटतो आणि मुलावरच धावून येतो. दारुड्या बापाच्या घरात राहिलेल्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. ज्याची भीती, त्याचाच आधार.

अमेरिकेतला एडमंड मॅकमिलन कडव्या धार्मिक कुटुंबात वाढला. त्याच्या ‘द बाइंडिंग ऑफ आयझॅक’मध्ये (2011) आईला देवाचा आवाज ऐकू येतो: मुलाचा बळी दे. पोरगा तळघरात पळतो. तिथे त्याचं मुख्य शस्त्र म्हणजे स्वतःचे अश्रू. रडतो म्हणूनच तो वाचतो.

सिनेमा असता तर आपण बघून हळहळलो असतो. गेममध्ये बेडूक लपवायचं काम आपल्याच अंगठ्यांवर येतं.

मोक्षपट मात्र प्रवासात रिकामा होत गेला. 1890च्या दशकात तो इंग्लंडात खेळला जात होता. 1943मध्ये अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने साप काढून घसरगुंड्या टाकल्या. आज धाडमधली पोरं मोबाईलवर सापशिडी खेळतात, तिच्यातल्या सापांना नावं नाहीत. क्रोध गेला, लोभ गेला, वर वैकुंठाच्या जागी 100 आला. नियम तेवढा टिकला: खाली आलास? हरकत नाही, पुढची पाळी तुझीच.