डॉ. रफिक झकेरिया : आमदार, मंत्री आणि तालिमीचे पुरस्कर्ते

डॉ. रफिक झकेरिया यांचा जन्म 5 एप्रिल 1920 रोजी आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा इथे झाला. मुंबईत शिक्षण घेऊन ते इंग्लंडला गेले. लंडन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, बॅरिस्टरही झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, 1962 मध्ये, ते औरंगाबादमधून (आता छत्रपती संभाजीनगर) काँग्रेसचे आमदार म्हणून निवडून आले आणि पुढे राज्यात मंत्री झाले. नवे औरंगाबाद वसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1978 ते 1984 या काळात ते राज्यसभेवर होते.

मूळचा कोकणपट्टीचा, मुंबईत वाढलेला हा माणूस मराठवाड्यात का रमला, हे समजायला त्या काळाकडे बघावं लागतं. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चाले, उस्मानिया विद्यापीठही उर्दूतून शिकवत असे. 1948 नंतर ते दिवस संपले. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. ज्या घरांची रोजी-रोटी उर्दू लिहिण्या-वाचण्यावर चालत होती, त्यांच्या मुलांनी आता काय शिकायचं आणि कुठं शिकायचं, हा प्रश्न उभा राहिला.

झकेरिया साहेबांनी त्याचं उत्तर भाषणात नाही, वीटकामात दिलं. 1963 मध्ये औरंगाबादच्या रौजा बाग परिसरात मौलाना आझाद कॉलेज सुरू झालं. मुंबईत नागपाड्याजवळचं महाराष्ट्र कॉलेजही त्यांच्याच प्रयत्नांतून उभं राहिलं. दोन्हींची दारं सर्वांना खुली आहेत. पुढे औरंगाबादेत हॉटेल मॅनेजमेंटची संस्थाही आली. पदवीसोबत हातात रोजगार हवा, हा विचार त्यामागे होता.

लेखक म्हणूनही त्यांचं नाव मोठं. रझिया सुलतानवर आणि फाळणीच्या राजकारणावर त्यांनी इंग्रजीत लिहिलं. 9 जुलै 2005 रोजी त्यांचा इंतकाल झाला. दफन याच कॉलेजच्या आवारात झालं. त्यांच्यानंतर पत्नी, पत्रकार फातमा झकेरिया यांनी 2021 पर्यंत म्हणजे हयात असेपर्यंत संस्थांची धुरा सांभाळली. त्यांना पद्मश्री मिळाली होती.

आम्ही शिक्षक मंडळी रोज पाहतो, दूरच्या कॉलेजला पाठवायचं म्हटलं की अनेक घरांत मुलीची तालीम दहावी-बारावीलाच थांबते. कॉलेज जवळ असलं, तर तीच मुलगी पुढे जाते. आमदारकी पाच वर्षांची असते, कॉलेज पिढ्यान्‌पिढ्या शिकवतं. म्हणून मत मागायला येणाऱ्याला आपण एवढंच विचारावं : आमच्या मुलांसाठी तुम्ही काय उभं केलंत?