आखाजीचा करार : खान्देशातील सालदारकी आणि मुदतीचा प्रश्न

खान्देशात वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे आखाजीला, माहेरी आलेल्या लेकी झोके खेळतात, गौराई बसते, पितरांच्या नावाने घागर भरली जाते. आणि याच दिवशी शेतावरच्या सालदाराचे जुने साल संपून नवे सुरू होते. सालदार म्हणजे ठरलेल्या रकमेवर, पूर्वी बहुधा धान्य, कपडे आणि जोडा यांसह, एका शेतकऱ्याकडे वर्षभर बांधून घेतलेला गडी. बैलांची निगा, नांगरट, वखरणी, पिकाला पाणी आणि रात्रीची राखण ही सारी कामे त्याच्याकडे असत. मराठवाड्यात सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते, तर जळगाव-धुळ्याकडे ते आखाजीला बदलते. करार बहुधा तोंडी, चार माणसांच्या साक्षीने होई आणि तो ठरताच ‘उचल’, म्हणजे वर्षाच्या मजुरीपैकी आगाऊ रक्कम, गड्याच्या हाती पडे.

या तिथीची निवड शेतीच्या कामाशी जुळणारी आहे. आखाजीपर्यंत कापूस विकला गेलेला असतो, गहू, हरभरा आणि दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, खळ्यावरून घरात आलेली असते, आणि मृग नक्षत्र लागायला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याला, अजून काही आठवडे बाकी असतात. मालकाच्या हाती वर्षातला सर्वांत मोठा पैसा असतो आणि पेरणीची घाई अजून सुरू झालेली नसते. उलट मजुराच्या घरी उन्हाळ्यात काम कमी, धान्य संपत आलेले आणि वैशाखातली लग्ने तोंडावर असतात. करार कोणत्या दिवशी करायचा हा केवळ सोयीचा प्रश्न नसतो, कारण त्या दिवशी ज्याची गरज अधिक निकडीची, तो कमी रकमेवर राजी होतो. हाच करार मृगाचा पहिला पाऊस पडून वाफसा आल्यावर झाला असता, तर बोलणी निराळ्या रकमेवर थांबली असती.

तरुण सालदाराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. गुरे राखणारा पोरगा दोन-चार वर्षांत नांगर धरू लागतो, आणि त्याच्या कामाचे मोल दरवर्षी वाढते. परंतु घरातील लग्नासाठी किंवा आजारपणासाठी घेतलेली उचल फिटली नाही, तर उरलेली रक्कम पुढच्या सालात ओढली जाते, आणि नवा करार वाढलेल्या ताकदीवर न ठरता जुन्या बाकीवर ठरतो. त्यात तिथीची आणखी एक गुंतागुंत आहे. 2022 ची आखाजी 3 मे रोजी आणि 2023 ची 22 एप्रिल रोजी आली, म्हणजे ते साल 354 दिवसांचे झाले. 2023 मध्ये अधिक श्रावण आल्याने पुढची आखाजी 10 मे 2024 रोजी पडली आणि साल 384 दिवसांचे झाले. आखाजी ते आखाजी एकच रक्कम ठरली असेल, तर तेराव्या महिन्याची मजुरी वेगळी बोलून घ्यावी लागते. जो बोलत नाही त्याचा महिना जातो.

मोल वाढत असलेल्या तरुणाशी नवा करार केव्हा करावा, हा पेच फार निराळ्या ठिकाणीही दिसतो. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेत, म्हणजे एनबीएमध्ये, 1995 पासून पहिल्या फेरीत निवडलेल्या नवख्या खेळाडूंचे वेतन ठरीव कोष्टकानुसार दिले जाते, आणि ती मुदत संपण्याआधी पुढील करार करण्याची संधी एका ठरावीक तारखेपर्यंतच असते. 1997 मध्ये मिनेसोटा संघाने 21 वर्षांच्या केविन गार्नेटशी सहा वर्षांसाठी 12 कोटी 60 लाख डॉलरचा करार केला, आणि त्यानंतरच्या वादात मालकांनी 1998 मध्ये टाळेबंदी करून कमाल वेतनाची मर्यादा पदरात पाडून घेतली. उलट 2012 मध्ये, घोट्याच्या दुखापतींनी त्रस्त असलेल्या स्टीफन करीने मुदतीच्या शेवटच्या दिवशी चार वर्षांचा 4 कोटी 40 लाख डॉलरचा करार स्वीकारला. पुढे 2015 आणि 2016 मध्ये तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तोवर हाच करार चालू होता. कोट्यधीश खेळाडू आणि भूमिहीन सालदार यांना एका पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल, परंतु शाश्वतीची किंमत लवकर सही करणारा मोजतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की खेळाडूच्या पाठीशी खेळाडूंची संघटना होती आणि सालदार एकटा बोलत होता.

हे एकटेपण मोडण्याचा मोठा प्रयत्न तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील, आताच्या नंदुरबारमधील, शहादा तालुक्यात झाला. तेथील भिल्ल सालदारांपैकी अनेक जण अशा जमिनींवर राबत, ज्या सावकारीत आणि व्यवहारांत त्यांच्याच पूर्वजांच्या हातून गेल्या होत्या. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आदिवासींची जागृती सुरू झाली आणि 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. जमिनी परत मिळवण्याच्या लढ्याबरोबर सालदारांची मजुरी आणि रजा हे विषय तिने हाती घेतले. जे बोलणे मालकाच्या ओसरीवर एकेका गड्याशी होत असे, ते आता संघटनेमार्फत होऊ लागले, आणि त्या तालुक्याच्या इतिहासातील ही अतिशय मोलाची घटना मानली पाहिजे. दुष्काळाच्या त्याच वर्षांत महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे सुरू झाली, आणि हलाखीच्या उन्हाळ्यातही मजुराला मालकाखेरीज दुसरे दार उघडले. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने, उचलीपोटी माणसाचे दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य हिरावून घेणे बेकायदा ठरवले आणि अशा कर्जाची फेड करण्याची सक्तीही रद्द केली.

त्यानंतरच्या दशकांत शहरांतील बांधकामे, कारखाने आणि रोजंदारीचे वाढलेले दर यांनी तरुणांना सालदारकीपासून दूर नेले, तर ट्रॅक्टरने बैलजोडीवरचे बरेच काम उचलले. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात मात्र बागेला बारा महिने लक्ष लागते, म्हणून तेथे भरवशाच्या गड्याची गरज टिकून आहे. चांगला सालदार दुसरीकडे जाऊ नये म्हणून मालक आता आखाजीची वाट न पाहता आधीच बोलणी लावतो, आणि कामात मुरलेला गडी होकार द्यायला तिथीपर्यंत थांबू शकतो.