विमानाआधीचे हवाई अंतर

सातारा ते सांगली रस्त्याने जाताना उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा अशी गावे लागतात. हवाई अंतराला यातले काहीच लागत नाही. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घेऊन गणित मांडले की सुमारे ११० किलोमीटर हे उत्तर येते. या दोन शहरांत विमानसेवा नाही, तरी हवाई अंतर आहेच. कारण हा हिशेब विमानाहून कितीतरी जुना.

त्याचे घराणे खलाशांचे आणि आजोळ ज्योतिष्यांचे. गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे महावृत्ताचा कंस, हे जुन्या दर्यावर्दींना ठाऊक होते. अडचण होती ती भर समुद्रात, डुलत्या जहाजावर, लॉगॅरिदमच्या कोष्टकांवरून तो कंस मोजण्याची. कोसाइन मध्येच ऋण होते आणि ऋण संख्येचा लॉगॅरिदम कोष्टकात सापडत नाही. म्हणून कायम धन राहणारी एक राशी वापरात आली. ब्रिटिश नौदलाच्या शाळेत शिकवणाऱ्या जेम्स इनमनने १८३५ मध्ये तिला हॅव्हरसाइन हे नाव दिले. ही राशी म्हणजे आपल्याकडच्या उत्क्रमज्येचा (एक वजा कोसाइनचा) निम्मा भाग, आणि उत्क्रमज्यांचे कोष्टक तर सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथातच आहे! ग्रहगणितासाठी ते केलेले. पुढे जहाजांच्या कामी आले आणि आता मोबाइलमध्येही हॅव्हरसाइनचेच सूत्र चालते.

पण पृथ्वी काही नेमका गोल नाही. ती ध्रुवांपाशी किती चपटी आहे हे ठरवायला ब्रिटिश अधिकारी विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासहून मोजणी सुरू केली. उत्तरेकडे सरकत सरकत तो वर्ध्याजवळ हिंगणघाटला पोचला आणि १८२३ मध्ये तिथेच वारला. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने चालवले. चपटेपणा हिशेबात धरला नाही तर फरक पडतो तो फार तर अर्ध्या टक्क्याचा, पण मोठ्या अंतरात तेवढ्यानेही काही किलोमीटर इकडचे तिकडे होतात.

या कागदी रेषेला आपल्याकडे पंख फुटले १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. जे. आर. डी. टाटांनी एका इंजिनाचे पस मॉथ विमान टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणले. तिथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट बळ्ळारीमार्गे मद्रासला गेले. नकाशावर जुहू आणि बळ्ळारी पट्टीने जोडून पाहावे: रेषा सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातून विट्याजवळ येते आणि जतच्या बाजूने कर्नाटकात उतरते. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्या विटेकरांच्या गावाजवळून जाणारी ही रेषा, हा योगायोगही मजेचाच.

अंतर वाढले की पट्टी मात्र फसवते. शाळेतल्या भिंतीवरच्या मर्केटर नकाशात मुंबई ते न्यूयॉर्क रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते आणि भरते १४,२०० किलोमीटरच्या आसपास. महावृत्ताची वाट मुंबईहून उत्तरेला वळते, रशिया आणि स्कॅन्डिनेव्हियावरून जाते आणि साडेबारा हजारांत संपते.

हा साडेबारा हजारांचा आकडा झाला कागदावरचा. प्रत्यक्षात वैमानिक वारा पाहतो, कोणत्या देशाचे आकाश खुले आहे तेही पाहतो. मुंबई-न्यूयॉर्कचा कंस गुजरात ओलांडताच सिंधमध्ये शिरतो, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केल्यावर त्यांना अरबी समुद्राकडून वळसा घ्यावा लागला.